चौकट म्हणजे बदाम

या दिवसांत मळवलीच्या पुलावरून खाली पाहिलं की खाचरं एकसारखी दिसत नाहीत. एक पिवळं, शेजारचं अजून हिरवट, पलीकडचं कापून मोकळं झालेलं. वराळ्याच्या कारखान्यातून स्कूटरवर घरी येताना इंद्रायणी भाताचा वास हेल्मेटच्या काचेखालून आत शिरतो. आमच्या घरात या वासानं भूक लागते. मला मात्र काही वर्षांपासून एक पत्त्यांचा डाव आठवतो. कापणीचा आणि ब्रिजचा काय संबंध, असं आईनं विचारलं तर मला सांगता येणार नाही. तो डाव नेमका काय होता, हेही मला अजून नीट कळलेलं नाही.

आमच्याकडे पत्ते म्हणजे मेंढीकोट. झोडणी चालू असताना दुपारच्या भाकरीनंतर खळ्याच्या कडेला पोतं अंथरायचं आणि दोघं-दोघं समोरासमोर बसायचं. ज्या जोडीकडे जास्त दश्श्या, ती जिंकली. आईची जोडी धाकट्या चुलतीशी. आईला पत्ते जेवढे येतात त्याहून जास्त खोकता येतं. ती खोकली की चुलती हुकूम टाकायची. कान खाजवला की थांबायची.

"काय गं, ढास लागली का?" समोरून काकांनी विचारायचं.

"पेंढ्याची धूळ हाय. तुमाला काय करायचंय?"

सगळ्यांना सगळ्यांच्या खुणा ठाऊक होत्या. चोरी म्हणावी तर ती सर्वांच्या डोळ्यांसमोर चालायची. तिच्यावरून भांडण व्हायचं, ते भांडणही खेळातच धरलेलं असायचं.

तांबोळी सर आमच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. दहावीनंतर माझं शिक्षण थांबवायचं घरात जवळपास ठरलं होतं. तेव्हा सर आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि माझ्या वडिलांना, अण्णांना, म्हणाले, "पोरीला सायन्सला घाला. भात लावायला मीही येतो हवं तर." ते खरंच येतील अशी भीती वाटून अण्णा हो म्हणाले असावेत. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. मी कारखान्यात तपासणी विभागात आहे, यंत्रातून निघालेले भाग मोजून बरे-वाईट ठरवते. हे सगळं त्या ओट्यावरच्या एका वाक्यातून आलं, असं मी मानते. म्हणून निवृत्तीनंतर सर लोणावळ्याच्या बाजारात भेटले आणि म्हणाले, "माझे पार्टनर मुलाकडे राहायला गेले, मला ब्रिजला जोडीदार नाही," तेव्हा ब्रिज म्हणजे काय हे न विचारताच मी हो म्हटलं.

"मेंढीकोट येतो ना? मग निम्मं आलं," सर म्हणाले. "उरलेलं निम्मं विसरायला लागेल."

जिमखान्याच्या ब्रिज क्लबमध्ये पहिल्याच संध्याकाळी मी कान खाजवला. सरांनी आपले पत्ते उपडे ठेवले.

"वनिता, कानाला काय झालं?"

"काही नाही, सर."

"मग हात टेबलावर ठेव. इथं खरा खोकला आला तरी लोक माफी मागतात."

ब्रिजमध्येही जोडीदार समोर बसतो आणि त्याच्या हातात काय आहे हे दिसत नाही. पण तिथं बोलायला मोजकेच शब्द असतात. एक ते सात आकडे, चार रंगांची नावं, बिनहुकमी खेळासाठी नोट्रंप, आणि बोली लावायची नसेल तर पास. तेही तोंडानं म्हणायचे नाहीत, आवाजात काही सांडेल म्हणून. छापलेले पुठ्ठे एका छोट्या डब्यात असतात, त्यातला एक काढून समोर ठेवायचा. प्रत्येक बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची हवी. कोणत्या बोलीचा काय अर्थ, हे जोडीनं आधी ठरवायचं. पण ते गुपित ठेवायचं नाही. समोरच्यानं विचारलं तर उत्तर द्यायलाच हवं, आणि ते बोली लावणाऱ्यानं नव्हे, त्याच्या जोडीदारानं. म्हणजे तुम्ही काय म्हणालात हे जगाला सांगणार दुसराच. त्यानं चुकीचं सांगितलं तरी ऐकलंच नाही असं समजून खेळायचं.

हे मला फार दिवस जमलं नाही. सरांनी दोन बदाम लावले की मी गप्प बसायची. सर विचारायचे, "तुझ्या हातात एवढे पत्ते होते, तीन का नाही म्हणालीस?" मी काय सांगणार? मोठ्यांच्या वर जायचं नाही, हे अंगात मुरलेलं होतं. सरांनी एक म्हटलं तर मी दोन कसं म्हणू?

"तू मला चढवत नाहीस म्हणून आपण दोघं बुडतोय," असं ते एकदा कंटाळून म्हणाले आणि मग स्वतःच हसले.

मी हळूहळू चढवायला शिकले. मग आवड लागली आणि पुढचं पुढचं हवंसं झालं. क्लबमध्ये शिरोळे मॅडम म्हणून एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, बोलायला फटकळ, खेळायला त्याहून. त्यांनी मला एकदा ट्रान्स्फर समजावून सांगितलं. जोडीदारानं 'एक नोट्रंप' म्हटलं, म्हणजे त्याच्याकडे जोरदार पत्ते आहेत. तुमच्याकडे बदामाची पाच पानं असतील तर तुम्ही बदाम म्हणायचं नाही, 'दोन चौकट' म्हणायचं. जोडीदारानं ती चौकट समजायची नाही, बदाम समजायचे आणि निमूटपणे 'दोन बदाम' लावायचं. फायदा एवढाच की डाव जोरदार पत्तेवाल्याच्या हातून खेळला जातो आणि त्याचे पत्ते झाकलेले राहतात.

सर जुन्या पद्धतीनं खेळत आले होते. त्यांच्यासाठी चौकट म्हणजे चौकट. मी त्यांना ट्रान्स्फर सांगायला लागले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चौकट दाखवायची आणि बदाम समजायचं? सरळ बदाम म्हटलं तर कोण मारतं?"

मी पत्ते मांडून दाखवले, पुन्हा एकदा मांडून दाखवले. सर मान हलवत होते, आणि मला मनातून चमत्कारिक वाटत होतं, कारण फळ्यासमोर मी होते आणि बाकावर ते.

"घेऊ," ते शेवटी म्हणाले. "तुला पुढं जायचंय ना, मग घेऊ."

आता कधी कधी वाटतं, त्या वयात कुणाला भाषा बदलायला लावू नये. पण माझीही लावलीच होती की. अकरावीला पुण्याला गेले तेव्हा मी 'न्हाई'चं 'नाही' केलं, 'हितं'चं 'इथं' केलं. कुणी सक्ती केली नव्हती, वर्गातल्या मुली नुसत्या एकमेकींकडे बघायच्या. वर्षभरात तोंड सरावलं. पण तोंडी परीक्षेत घाबरले की जुनंच बाहेर यायचं. शिकलेलं वरच्या थरात असतं, बोट बुडवलं की आधीचं लागतं. सरांचं तसंच होत असेल का? की ते वेगळं होतं? मला त्यातला फरक कळत नाही.

त्या वर्षी श्रावणात धुकं खिडकीतून थेट हॉलमध्ये येत होतं आणि पत्ते दमट होऊन एकमेकांना चिकटत होते. माझ्या 'एक नोट्रंप'वर सरांनी 'दोन चौकट' लावली. मी ठरल्याप्रमाणे बदाम लावले. डाव उघडला तर सरांकडे खरोखरची चौकट होती, लांबलचक, आणि बदामाची दोनच पानं. आम्ही वाईट बुडालो. सर कपाळावर हात मारून हसले, "अरे, आपलं ते ट्रान्स्फर!" गणपतीत पुन्हा तसंच झालं. दसऱ्याच्या आसपास पुन्हा. मधल्या दिवसांत ते अगदी बरोबर खेळायचे, माझ्यापेक्षा बरोबर. आणि मग मध्येच एखाद्या संध्याकाळी चौकट पुन्हा चौकट व्हायची.

एकदा खेळ संपल्यावर शिरोळे मॅडमनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"कापणीच्या दिवसांत इथं जिल्ह्याची स्पर्धा आहे. तांबोळींबरोबर बसणारेस?"

"हो, मॅडम."

"माझ्याबरोबर बस. खेळाडू म्हणून वाढायचं असेल तर कधी तरी जोडीदार बदलायला लागतो. मीही बदललेत."

"सरांना कसं सांगू?"

"बरं, मग दुसरं ऐक. ते विसरतात हे तुला माहीत आहे ना? मग दोन चौकट आली आणि समोरच्यानं अर्थ विचारला, तर नुसतं 'बदाम' म्हणून चालणार नाही. ते कधी विसरतात, हेही सांगायला लागेल."

"सरांच्या तोंडावर?"

"मग कुठं? तुला माहीत आणि समोरच्याला नाही, म्हणजे ती तुमची आतली खूण झाली. खोकण्यात आणि त्यात फरक काय राहिला?"

खोकण्याचं त्यांना मीच कधी तरी हसत सांगितलं होतं.

कायदा बरोबर होता. कारखान्यात मीही तेच करते, भागात चीर दिसली की लिहिते, तो भाग कुणी बनवला हे बघत नाही. पण सर म्हणजे काही यंत्रातून निघालेला भाग नव्हेत. चारचौघांत, परक्या माणसांसमोर, ज्यांनी मला आकडेमोड शिकवली त्यांच्याबद्दल 'हे विसरतात' असं मी म्हणायचं? आणि नाही म्हटलं तर ज्यांनी मला हात टेबलावर ठेवायला शिकवलं त्यांच्याच समोर लबाडी करायची? मी मधला रस्ता काढून पाहिला. एका संध्याकाळी सरांना म्हटलं, "सर, ट्रान्स्फर सोडून देऊ या का? जुनंच बरं होतं."

"का? तुला जड जातंय?"

"नाही, सर."

"मग राहू दे. तुझ्या वाटेत मी यायचो नाही."

मी पत्ते पिसायला घेतले.

स्पर्धेच्या दिवशी लोणावळा रिकामं रिकामं होतं. भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या नव्हत्या, मक्याच्या कणसांच्या टपऱ्यांवर प्लास्टिक बांधलेलं होतं. जिमखान्याच्या हॉलमध्ये पावसाळ्याचा ओलसर वास अजून होता. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, शाळेच्या स्नेहसंमेलनाला घालायचे तसा. माझ्या डब्यात आईनं नव्या तांदळाच्या भाकऱ्या दिल्या होत्या. सरांनी त्यातली अर्धी सकाळीच खाल्ली आणि म्हणाले, "आज हात चांगला येणार."

अशा स्पर्धेत पत्ते पिसत नाहीत. प्रत्येक डाव एका प्लास्टिकच्या पाटात चार कप्प्यांत ठेवलेला असतो आणि तो टेबलावरून टेबलावर फिरतो. तुम्हाला मिळालेलेच पत्ते आणखी कितीतरी जणांना मिळतात, आणि त्या सगळ्यांनी त्यांचं काय केलं यावरून तुमचे गुण ठरतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होते. माझ्या चुलतबहिणीला माझेच पत्ते मिळाले होते, तेच खळं, तीच शाळा. फक्त तिच्या ओट्यावर कुणी येऊन बसलं नाही.

दुपारच्या सत्रात पुण्याची एक जोडी आमच्या टेबलावर आली. त्यातले एक चष्मेवाले गृहस्थ अतिशय सभ्य होते, खुर्ची सरकवतानाही 'माफ करा' म्हणत होते. मी पत्ते उचलले. जोरदार होते. मी 'एक नोट्रंप' लावलं. सरांनी डब्यातून पुठ्ठा काढला आणि समोर ठेवला. दोन चौकट.

सरांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. बघायचं नसतंच. पण त्या दिवशी मला बघायचं नव्हतंही.

चष्मेवाल्यांनी विचारलं, "या बोलीचा अर्थ काय, प्लीज?"

"बदाम," मी म्हणाले. "पाच किंवा जास्त."

ते मान डोलावून पत्त्यांकडे वळले. तिथं थांबता आलं असतं. पुढचं वाक्य मी घरी कितीदा तरी घोकलं होतं, स्वच्छ पुणेरी भाषेत. तोंडातून आलं ते असं:

"पण ते इसरतात कधीकधी. मग खरीच चौकट असती."

हॉलमध्ये पंखे चालू होते. चष्मेवाले क्षणभर गोंधळले, मग 'धन्यवाद' म्हणाले आणि पास झाले. मी दोन बदाम लावले. आता सरांची पाळी. त्यांनी माझं बोलणं ऐकलंच नाही असं समजून खेळायचं होतं. त्यांनी नेहमीच्याच गतीनं हिरवा पुठ्ठा काढला. पास. सगळे पास. डाव माझ्या हातून खेळायचा होता, सरांचे पत्ते टेबलावर उघडे मांडले जाणार होते.

त्याआधी एक नियम असतो. जोडीदारानं आपल्या बोलीचा अर्थ चुकीचा सांगितला असेल तर पहिलं पान पडण्याआधी तसं सांगायचं. सर खुर्चीत ताठ झाले आणि त्या दोघांकडे बघून म्हणाले,

"पार्टनर म्हणाल्या त्यात दुरुस्ती नाही. आमचा करार बदामाचा आहे. आणि मी विसरतो, हेही बरोबर आहे."

'म्हणाल्या' म्हणाले. मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पहिलं पान पडलं आणि सरांनी आपले पत्ते रंगवार मांडले. बदामाची पाच पानं होती. आणि शेजारी चौकटीचीही पाच.

मी त्या दहा पानांकडे बघत राहिले. आठवत असतं तर त्यांनी हीच बोली लावली असती. विसरले असते तरी हीच लावली असती, आणि माझ्या बदामांवर खुशीनं पास झाले असते. त्या पत्त्यांतून काहीच कळत नव्हतं. डाव सुटला, एक हात जास्तच मिळाला. पत्ते पुन्हा कप्प्यांत गेले आणि पाट पुढच्या टेबलावर गेला. तिथल्या कुणाला यातलं काही कळणार नव्हतं.

आमचा नंबर मध्येच कुठे तरी लागला. परतताना सर स्कूटरवर मागे बसले होते. कार्ल्याच्या फाट्याच्या पुढं खाचरांत कापलेल्या भाताच्या ओळी पडल्या होत्या. सर म्हणाले, "थांब जरा." मी थांबले. ते बांधावर उभे राहून वास घेत होते.

"सर," मी म्हणाले, "मी तसं बोलायला..."

"त्यांनी विचारलं होतं ना?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग." ते परत येऊन स्कूटरवर मागे बसले. मग मास्तरकीच्या आवाजात म्हणाले, "फक्त पुढच्या वेळी 'कधीकधी' म्हणू नकोस. मोघम आहे. 'बऱ्याचदा' म्हण."

ते रागावले होते का, दुखावले होते का, की एखादं उदाहरण तपासून द्यावं तसं नुसतं तपासून देत होते? मी आरशात बघितलं, पण आरशात त्यांचा फक्त पांढरा खांदा दिसत होता.

पुढची वेळ आली नाही. दिवाळीनंतर सरांनी स्वतःच शिरोळे मॅडमना फोन केला आणि मला त्यांच्याबरोबर बसवलं. आता मी बरी खेळते असं लोक म्हणतात. मॅडमबरोबर आमच्या बोलीत इतके करार आहेत की चौकट क्वचितच चौकट असते. यंदाची स्पर्धा पुढच्या रविवारी आहे. आम्ही जिल्ह्याच्या संघात निवडले जाऊ असं मॅडमना वाटतं. मला आनंद होतो, आणि आपण कुणाच्या तरी खुर्चीवर बसलोय असंही वाटत राहतं. त्या डावात मी खरं बोलले, की खरं बोलण्याच्या आडून सुटका करून घेतली? मधे एकदा सरांना मी विचारलंही, "त्या दिवशी तुमच्या मनात बदाम होते की चौकट?" त्यांनी मनापासून आठवून पाहिलं. "दोन्ही होती की," ते म्हणाले. पत्त्यांबद्दल म्हणाले असावेत. पत्ते आठवत होते, म्हणजे तेव्हाही सगळं आठवत असेल, असं मी घरी येईपर्यंत धरून चालले. घरी आल्यावर तेही खात्रीचं वाटेना.

काल आमची झोडणी होती. सरांना मी घेऊन आले, नुसतं ऊन खायला आणि नव्या तांदळाचा भात जेवायला. जेवणानंतर पोतं अंथरलं गेलं. चुलती माहेरी गेली आहे, म्हणून आईला जोडीदार नव्हता.

"सर, बसा की माज्यासमोर," आई म्हणाली.

"मला आता हुकूम ध्यानात राहत नाही, वहिनी."

"मग काय झालं? मी हाय की. आन् मी इसरले तर ह्ये समदं खळं हाय."

सर मांडी घालून बसले. समोरच्या जोडीत काका आणि मी. हुकूम बदाम ठरला. दोन-तीन हात झाले, काकांनी इस्पिकची दश्शी टाकली. सरांकडे इस्पिक संपलं होतं. ती दश्शी आता हुकमानं मारायची होती. सरांनी पत्त्यांवरून बोट फिरवलं, एक चौकट निम्मी बाहेर काढली. आई जोरात खोकली.

"ढास लागली काय?" काका म्हणाले.

"पेंढ्याची धूळ हाय!"

सरांचा हात थांबला. ते आईकडे नाही, माझ्याकडे वळून बघायला लागले, अगदी गंभीरपणे, जिमखान्यात बघायचे तसे.

"वनिता, माझ्या पार्टनर खोकल्या. हे चालतं का?"

"हितं चालतं, सर," मी म्हणाले.

सरांनी चौकट परत आत सारली आणि बदाम टाकला.